बोटानं पुसू नका : पेन्सिलीनं फूल काढणाऱ्यांचे प्रश्न

फुलांच्या रेखाटनाबद्दल येणाऱ्या पत्रांत तीन प्रश्न ठरलेले असतात : कोणती पेन्सिल घेऊ, शेडिंग कशानं पसरवू, आणि एवढं करूनही फूल कागदावर सपाट का पडतं. पहिल्या दोन प्रश्नांची जी उत्तरं लोक इकडून तिकडून ऐकून आलेले असतात, त्यांतूनच बहुतेकदा तिसरा प्रश्न जन्माला येतो. म्हणून या वेळी फक्त नवशिक्यांची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी नुकतीच सुरुवात करते आहे. २४ पेन्सिलींचा संच घेतल्याशिवाय खरंखुरं वाटणारं फूल जमत नाही, असं सगळे सांगतात. घ्यावा का?

नको. एचबी, २बी आणि ४बी एवढ्या तीन पुरतात. एचबी मधली, आणि ‘बी’च्या आधीचा आकडा जितका मोठा तितकी पेन्सिल मऊ आणि काळी.

पेन्सिलीचा कडकपणा ग्राफाइटमध्ये चिकणमाती किती मिसळली आहे, यावर ठरतो. निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसानं १७९५ मध्ये ही पद्धत आणली आणि मुळात आजही तीच चालते. माती जास्त असेल तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळी. शेजारशेजारच्या दोन क्रमांकांत जेवढा फरक असतो, त्याहून जास्त फरक नवशिक्याच्या हाताच्या दाबात एका पाकळीपासून दुसऱ्या पाकळीपर्यंत पडतो. मग २४ घेऊन करणार काय? दोन कंपन्यांची २बी सारखीच काळी असेल असंही नाही, त्यामुळे तिन्ही एकाच कंपनीच्या घ्या.

वाचलेले पैसे कागदावर घाला. १५० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) पुढचा, किंचित खरखरीत कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद बघा. वहीचा पातळ, गुळगुळीत कागद दुसऱ्या-तिसऱ्या थरालाच हात टेकतो. पुढचं सामान घेण्याआधी एखाद्या चित्रकला शिक्षकाला विचारा. विकणाऱ्याला विचारलंत तर उत्तर काय येणार, हे सांगायला नको.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा चित्र काढताना पेन्सिल चघळतो. आतलं शिसं विषारी असतं ना?

आत शिसं नसतंच, ग्राफाइट आणि माती असते. तरी चघळू देऊ नका. तुकडा गिळला किंवा घशात अडकला, तर हे सदर वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : जास्वंदीच्या पाचही पाकळ्या मोजून, नीट काढते. समोरून बरं दिसतं, पण फूल जरा तिरकं असलं की सगळं बिघडतं. काय चुकतं?

तुम्ही पाकळ्या मोजता, आकार बघत नाही. पाच पाकळ्या सारख्या मापाच्या असतात हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून हात त्या सारख्याच काढतो. तिरक्या फुलात त्या सारख्या दिसत नाहीत. तुमच्याकडे झुकलेली पाकळी आखूड दिसते, पलीकडची वेगळीच दिसते, बाजूच्या दोन लांब दिसतात.

पाकळ्यांना हात लावण्याआधी दोनच गोष्टी काढा. पहिली, देठाची रेषा. ती फुलाच्या आत, मध्यापर्यंत वाढवा. दुसरी, फुलाच्या तोंडाचा लंबगोल. पाकळ्यांची टोकं जोडली तर समोरून जो गोल होईल, तोच तिरका झाला की लंबगोल होतो. देठ फुलाला सरळ लागलं असेल, तर लंबगोलाची लांब बाजू देठाच्या रेषेला काटकोनात येते. देठ मानेपाशी वाकलं असेल, तर देठाचा शेवटचा, हिरव्या निदलांजवळचा (फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या दलांजवळचा) तुकडाच धरा. फूल जितकं बाजूनं दिसतं तितका लंबगोल अरुंद. आता या चौकटीत पाकळ्यांची टोकं कुठे येतात ते खुणांनी टाका आणि मग कडा काढा.

जास्वंदीत आणखी एक मेख आहे. तिच्या पाकळ्या एकमेकींवर पिळल्यासारख्या चढलेल्या असतात. प्रत्येकीची एक कड वर आणि एक कड शेजारणीच्या खाली. हा पीळ एका दिशेनं जातो. मध्येच तो उलटा काढला तर बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. मधला केसरांचा दांडाही फुलाच्या तळातून निघतो, तोंडापाशी चिकटवलेला नसतो. त्याची रेषा आत देठाच्या रेषेला मिळते का, हे तपासा.

माप घ्यायला हात ताठ करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीवर अंगठ्यानं रुंदी धरून उंचीशी ताडून बघा. तरीही बिघडलं तर फूल आणि कागद दोन्ही शेजारी ठेवून जाणत्या माणसाला दाखवा. नुसतं चित्र पाठवून ‘काय चुकलं’ असं विचारलं तर कुणीही अंदाजच सांगणार.

प्रश्न : शेडिंग गुळगुळीत यावं म्हणून मी बोटानं किंवा कापसानं पुसते. व्हिडिओत सगळे असंच करतात. पण माझं फूल मळकट आणि धुरकट दिसतं. चांगला स्टम्प (छटा पसरवायची गुंडाळलेल्या कागदाची कांडी) घेऊ का? एक किट बघून ठेवलं आहे.

हा प्रश्न दर खेपेला येतो आणि दर खेपेला ‘व्हिडिओत असंच करतात’ हे वाक्य सोबत असतं. म्हणून एकदा सविस्तर.

कागद वाटतो तितका सपाट नसतो. त्याला बारीक उंचवटे आणि खळगे असतात. पेन्सिल हलकी फिरवली की ग्राफाइट उंचवट्यांवर बसतं, खळग्यांत कागद पांढरा राहतो आणि त्या बारीक पांढऱ्यामुळे छटेत उजेड शिल्लक राहतो. बोट फिरवलंत की ग्राफाइट खळग्यांत दाबलं जातं. छटा एकसंध होते खरी, पण उजेड जातो. शिवाय बोटांना तेलकटपणा असतो. तो कागदात उतरला की पुढचा थर तिथे डागासारखा बसतो आणि खोडरबरानं पूर्ण निघत नाही. मळकटपणाचं कारण एवढंच.

धुरकटपणाचं कारण मला जास्त छळतं. पाकळी तळाशी अरुंद असते, मध्ये उचललेली असते, कडेला मुरडते. ती कुठे आणि कशी वळते हे बघणाऱ्याला बऱ्याच अंशी रेषांच्या दिशेवरून कळतं. तुमचं बोट नेमकी ती दिशाच पुसतं. मग पाच पाकळ्यांचे पाच फुगे होतात, आणि त्यांना पाकळ्या बनवायला माणूस शेवटी काळी जाड बाह्यरेषा ओढतो. खऱ्या फुलाला बाह्यरेषा नसते. फिकट पाकळीमागे गडद पान आलं की कड दिसते. दोन्ही सारख्याच छटेचे असले की कड हरवते, आणि हरवू द्यायची असते.

मग करायचं काय? टोक अणकुचीदार ठेवा. एचबीनं पाकळीच्या तळापासून बाहेरच्या दिशेनं रेषा सोडा आणि संपताना हात उचला, म्हणजे रेष आपोआप फिकी होत जाते. मग कडेपासून आत तशाच. रेषा शिरांसोबत वळू द्या. मध्ये कोरा राहील तो उजेडातला भाग. उजेड कुठून येतो त्याप्रमाणे तो अलीकडे-पलीकडे सरकवा. त्यावर जराशा तिरप्या रेषांचा दुसरा थर. २बी फक्त सावलीच्या बाजूला. ४बी फक्त दोन ठिकाणी : जिथे एक पाकळी दुसरीखाली जाते तिथे आणि फुलाच्या घशात. गुळगुळीतपणा अशा थरांतून येतो. त्याला वेळ लागतो, आणि व्हिडिओत तोच वेळ कापून टाकलेला असतो.

फूल सुरू करण्याआधी एक पट्टी काढा. पाच चौकोन, पहिला कोरा, पाचवा तुमच्या ४बीचा सगळ्यात काळा, मधले तीन समान टप्प्यांनी चढत जाणारे. पुसायचं नाही. नवशिक्यांची पट्टी बहुधा तिसऱ्या चौकोनापाशीच दमते, कारण गडद करायची भीती वाटते. पुसण्याची सवय या भीतीलाच पोसते : सगळं मधल्या करड्यात मिसळून गेलं की काळं करायला नको, पांढरं राखायला नको.

स्टम्पशी माझं वैर नाही. मागच्या अस्पष्ट पानांना किंवा भिंतीवरच्या मऊ सावलीला तो चालतो. पण स्टम्प, ग्राफाइट पावडर आणि पांढरं जेल पेन एका डब्यात घालून ‘हुबेहूब चित्राचं किट’ म्हणून विकणारे तुम्हाला पुसायला शिकवतात, बघायला नाही. किट राहू द्या. पट्टी आणि एक पाकळी, एवढं काढून मूळ कागद शिक्षकाला दाखवा. मोबाइलवरचा फोटो नको, त्यात अर्धे डाग दिसतच नाहीत.

प्रश्न : फूल काढून होईपर्यंत सुकतं. त्यापेक्षा इंटरनेटवरचा फोटो घेतला तर?

फूल आणून ठेवायचं, सामान जमवायचं, मग ‘उद्या बसू’ म्हणायचं, आणि दोष फुलाला! जास्वंदीचं फूल बहुतेकदा एका दिवसाचंच असतं. गुलाबाची कळी उबदार खोलीत बघता बघता उमलते. तोडल्याबरोबर देठ पाण्यात घाला, एकाच बाजूनं उजेड येईल असं ठेवा आणि पहिल्या अर्ध्या तासात देठ, लंबगोल, पाकळ्यांच्या जागा आणि सावलीच्या सीमा उरका. मोठ्या सावल्या आधीच, कारण खिडकीतला उजेड सरकतो. बारकावे मागून आले तरी चालतात.

फोटो काढा, पण स्वतः आणि आठवणीला आधार म्हणून. फ्लॅश बंद. मोबाइल फुलाला चिकटवून धरला तर जवळची पाकळी अवास्तव मोठी येते, त्यामुळे जरा लांबून थोडा झूम करा. पांढऱ्या पाकळ्यांतले बारकावे फोटोत सहज उडून जातात, ते प्रत्यक्ष बघूनच नोंदवा. दुसऱ्याच्या फोटोवरून घरच्या घरी सराव करणं वेगळं. ते चित्र विकायचं किंवा प्रदर्शनात मांडायचं असेल तर छायाचित्रकाराची परवानगी घ्या, आणि हक्कांबद्दल संभ्रम असेल तर जाणकार वकिलाला विचारा.

जाता जाता : कण्हेर आणि धोतरा दिसायला सुंदर, पण विषारी. लहान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा. ओळखीचं नसलेलं फूल तोडण्याआधी झाडं ओळखणाऱ्याला विचारा.

प्रश्न : पांढऱ्या कागदावर पांढरं फूल कसं दाखवायचं? बाह्यरेषा न काढता ते दिसतच नाही.

डोळे किलकिले करून फुलाकडे बघा. पांढऱ्या फुलाचा फारच थोडा भाग खरोखर पांढरा असतो, बाकी सगळं फिकट करडं. कोरा कागद फक्त त्या थोड्या भागासाठी राखा. उरलेल्या पाकळ्यांवर एचबीच्या हलक्या छटा, आणि सगळा काळोख फुलाच्या मागे. मागची पानं गडद झाली की फूल पुढे येतं.

लाल फुलाची अडचण उलटी आहे. लाल पाकळी आणि हिरवं पान डोळ्यांना लांबून वेगळं कळतं, पण पेन्सिलीत दोन्ही एकाच करड्यावर येऊन बसू शकतात. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. छटा सारख्या दिसल्या तर फुलाची जागा किंवा उजेड बदला. चित्रात जबरदस्तीनं फरक पाडू नका, निदान या टप्प्यावर तरी.

प्रश्न : चौकोनांची जाळी आखून किंवा ट्रेस करून काढणं म्हणजे फसवणूक का?

जाळी नाही, ती मोजायला शिकवते. ट्रेसिंग फारसं काही शिकवत नाही. दोन्ही वापरून काढलेलं चित्र स्पर्धेला द्यायचं असेल तर आधी नियम वाचा आणि आयोजकांना विचारा.

प्रश्न : सात दिवसांत हुबेहूब फूल शिकवणारा ऑनलाइन कोर्स घ्यावा का? प्रमाणपत्रही देतात.

त्यांना एकच विचारा : माझ्या चित्रावर कुणी खुणा करून परत देणार का? नाही म्हणाले तर प्रमाणपत्र त्यांच्यापाशीच राहू द्या.

प्रश्न : तासभर शेडिंग केलं की मनगट आणि अंगठा दुखतो. दोनेक महिने झाले. मैत्रीण म्हणते, सरावानं हात तयार होईल.

दोन महिने दुखणं अंगावर काढलंत, हे वाचूनच राग आला. मैत्रिणीला चित्रकलेबद्दल विचारा, मनगटाबद्दल नको. सध्या शेडिंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा वस्तू हातातून सुटत असतील तर आजच. त्यांनी परवानगी दिल्यावर पेन्सिल टोकापासून लांब, सैल धरायला शिका आणि मोठ्या छटांना मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवा. फार दाबून काळं करावं लागत असेल, तर चुकीच्या पेन्सिलीनं काळं करता आहात. अशा जागी ४बी घ्या.

प्रश्न : चित्र पुसलं जाऊ नये म्हणून हेअर स्प्रे मारला तर चालतो, असं ऐकलं. खरं का?

ऐकलेलं तिथेच सोडा. हेअर स्प्रे केसांसाठी बनवलेला असतो. कागदावर त्याचे ठिपके पडू शकतात, कालांतरानं कागद पिवळा पडू शकतो. चित्रांसाठीचं फिक्सेटिव्ह (ग्राफाइट कागदावर पक्कं बसवणारा फवारा) घ्या आणि डब्यावर लिहिलेलं अंतर पाळून, एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्या. मोकळ्या हवेत, चेहऱ्यापासून लांब. घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फवारल्यानंतर खोडणं अवघड होतं, त्यामुळे दुरुस्त्या आधी संपवा आणि पाच चौकोनांच्या त्या पट्टीवर एकदा फवारून बघा. फिक्सेटिव्ह मिळेपर्यंत चित्रावर बटर पेपर ठेवून ते सपाट फाइलमध्ये ठेवलं तरी पुरतं. फक्त गुंडाळी करू नका.