ठिपके मोजूनच का काढायचे?

चि. सानूस,
अनेक आशीर्वाद.

काल झोपताना तू विचारलंस, "आई, रांगोळीचे ठिपके मोजूनच का काढायचे? एखादा कमी पडला तर काय बिघडतं?" तुझे डोळे मिटत आले होते, म्हणून उत्तर आज लिहून ठेवते.

मागच्या दिवाळीत तू ताटात काढलेली रांगोळी आठव. सात ते चारची होती ती. मधल्या ओळीत ७ ठिपके, मग वर आणि खाली ६, ५, ४. सगळे मिळून ३७. त्यात खालच्या सहाच्या ओळीत तू पाचच दिलेस. बाकीच्या पाकळ्या छान जुळल्या, पण तिथली एक उघडीच राहिली आणि तुला रडू आलं. रेघेला जाऊन टेकायला जागा लागते, ती जागा म्हणजे ठिपका. म्हणून मोजायचे.

माझ्या आईकडे, म्हणजे तुझ्या आजीकडे, ठिपक्यांचा कागद होता. जाड खाकी कागदाला तिने उदबत्तीने भोकं पाडली होती, त्यांच्या कडा जळून तपकिरी झालेल्या. गेरूने सारवलेल्या जागेवर कागद पसरायचा, वर रांगोळी टाकून तळहात फिरवायचा आणि कागद अलगद, सरळ वर उचलायचा. जरा तिरका झाला की ठिपके फिसकटले. उचलायचं काम ती मला बरीच वर्षं देत नसे. पण त्या भोकांत बोट घालून मी मोजायला शिकले, अंक लिहायला येण्याच्याही आधी.

तसंच काहीतरी आपण छोटूसाठी करू या, वसुबारसेच्या आत. त्याला वीसपर्यंत आकडे एका दमात म्हणता येतात, पण बिस्किटं मोजायला बसवलं की एकाच बिस्किटावर दोनदा बोट ठेवतो. म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं, राजा. एका भोकात एकच दाणा बसला की ते बोटाला आपोआप कळतं.

रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घे आणि १५ सेंटिमीटरचा चौकोन काप. कडेपासून दीड सेंटिमीटर सोडून, दर ३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण कर. पाच ओळी, ओळीत पाच खुणा. भोकं मी पाडून देईन, राजम्याचा दाणा बसेल पण खाली पडणार नाही एवढी. आधी त्याला एकच ओळ भरू दे. मग दोन दाणे काढून घे आणि विचार, किती राहिले? पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला तर मोजू दे, घाई करू नकोस. एक दिवस तो नुसता बघून "तीन" म्हणेल.

सगळा पुठ्ठा भरला की पंचवीस दाणे. मराठीत बोलताना पाच आधी येतो, वीस नंतर. इंग्रजीत उलटं. तुझी कधीमधी गडबड होते ती यामुळेच, त्यात तुझी काही चूक नाही.

आता तुझ्यासाठी एक गंमत. तोच भरलेला पुठ्ठा जमिनीवरच असा फिरव, की एक कोपरा तुझ्याकडे येईल. आता आडव्या ओळी मोज: १, २, ३, ४, ५, ४, ३, २, १. आजी जिला "पाच ते एक" म्हणते, तीच ही रांगोळी! दाणा एकही हलला नाही, पाच गुणिले पाच तेवढेच आहेत. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आजीच्या कागदाभोवती फिरताना एका सकाळी दिसलं, आणि मी धावत स्वयंपाकघरात सांगायला गेले होते.

राजम्याची बरणी खालच्या कप्प्यात आहे. छोटू दाणे नाकात घालायच्या वयाचा आहे, तेव्हा तू जवळच बस आणि उठताना पंचवीसच्या पंचवीस परत मोजून बरणीत टाक.

तुझी,
आई