शब्द बरोबर, शिल्लक शून्य: जुनं ॲप आत्ता काढू नका

सगळ्यात आधी हे: जुन्या फोनवरचं क्रिप्टो वॉलेटचं ॲप काढून टाकू नका. ॲपच्या कंपनीच्या सपोर्टने सांगितलं असलं तरी नको. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा, फोन चार्जिंगला लावा, ॲपचं ऑटो-अपडेट बंद करा आणि फोन बाजूला ठेवा.

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय की नव्या फोनवर वॉलेट परत मिळवायचे बारा शब्द (सीड फ्रेज किंवा रिकव्हरी फ्रेज) टाकले, ॲपने ते स्वीकारले, वॉलेट उघडलं, पण शिल्लक शून्य. सपोर्टचं उत्तर आलं, ‘शब्द बरोबर आहेत म्हणजे वॉलेट तुमचंच आहे, दोन्ही फोनवरचं ॲप काढून पुन्हा टाका.’ मला हेच उत्तर मिळालं होतं. कंपनी वेगळी, पण वाक्यं जवळजवळ हीच. त्या उत्तरापायी माझी जी रक्कम गेली ती आजही ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक वहीत, त्याच ॲड्रेसवर (खाते क्रमांकासारख्या कोडवर) आहे. कोणालाही दिसते, मलाही दिसते. हलवता येत नाही.

माझ्या ॲपमध्ये दोन खाती होती. एक त्या ॲपच्या सीड फ्रेजमधून तयार झालेलं आणि दुसरं एका जुन्या वॉलेटची प्रायव्हेट की (पैसे हलवायचा गुप्त कोड) बाहेरून इम्पोर्ट केलेलं. स्क्रीनवर दोन्ही एकाखाली एक, दिसायला सारखी, वर दोघांची मिळून एकच बेरीज. फोन बदलल्यावर दुसरं खातं दिसेना. मी सपोर्टच्या तिकिटात (तक्रारीत) स्पष्ट लिहिलं होतं की हे खातं इम्पोर्ट केलेलं आहे. वर सरळ प्रश्नही विचारला होता की ॲप काढलं तर ते परत येईल का. उत्तर आलं, ‘तुमचे शब्द सुरक्षित असतील तर सर्व काही परत येईल.’ काढलं. आलं नाही. यायचं कारणच नव्हतं, कारण बाहेरून आणलेली की त्या बारा शब्दांतून निघतच नाही, ती फक्त त्या फोनवरच्या ॲपच्या साठ्यात असते. मूळ की जिथे तयार झाली तो कॉम्प्युटर केव्हाच मोडीत गेला होता. मी पुन्हा लिहिलं तेव्हा दुसऱ्याच कोणीतरी उत्तर दिलं की इम्पोर्ट केलेली खाती रिकव्हरी फ्रेजमध्ये येत नाहीत आणि तसं आमच्या मदत-पानांवर लिहिलेलं आहे. तिकीट बंद. माझा प्रश्न वाचून ‘थांबा, आधी ती की एक्सपोर्ट करून घ्या’ एवढं एक वाक्य कोणी लिहिलं असतं तर पुरे होतं. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, म्हणून तुमची पोस्ट दिसल्याबरोबर लिहायला बसलो.

तर आता तुमचं. जुन्या फोनवर प्रत्येक खातं उघडून पाहा. कुठे ‘इम्पोर्टेड’ असं लिहिलं असेल, तर त्या खात्याची प्रायव्हेट की वेगळी एक्सपोर्ट करून कागदावर उतरवा. लांबलचक असते, लहान-मोठी अक्षरं नीट पाहून लिहा आणि लिहून झाल्यावर उलटीकडून एकदा ताडून पाहा. नंतर ती रक्कम सीडमधून निघालेल्या खात्यात पाठवून मोकळे व्हा. इम्पोर्ट केलेली खाती कायम सांभाळत बसू नये हे माझं ठाम मत आहे.

तसं काही नसेल तर पैसे बहुतेक आहेत तिथेच आहेत आणि नवं ॲप चुकीच्या जागी पाहतंय. पूर्वी ज्यावर पैसे आले होते असा एखादा जुना ॲड्रेस शोधा, ब्लॉक एक्सप्लोररवर (कुठल्याही ॲड्रेसची शिल्लक दाखवणाऱ्या साइटवर) टाका. शिल्लक तिथे दिसली तर चोरी झालेली नाही, फक्त वाट सापडायची आहे. हे झाल्याशिवाय पुढे काहीही करू नका.

‘शब्द बरोबर आहेत’ या वाक्याला फार अर्थ नाही, हे सपोर्टवाले सांगत नाहीत. बीआयपी-३९ नावाच्या पद्धतीत २०४८ शब्दांची ठरलेली यादी असते. बारा शब्दांत १२८ बिट खरे आणि ४ बिट तपासणीचे, त्यांच्या सोळाच शक्यता. म्हणजे यादीतले कुठलेही बारा शब्द उचलून टाकलेत तरी साधारण सोळात एकदा ॲप ‘बरोबर’ म्हणून पुढे जाईल आणि एक रिकामं वॉलेट उघडेल. तपासणी शब्दांची होते, तुमच्या पैशांची नाही.

आणि शब्द खरोखर तुमचेच असले तरी त्यातून ॲड्रेस कोणत्या वाटेने काढायचे हे ॲपगणिक बदलतं. त्याला डेरिव्हेशन पाथ म्हणतात. बिटकॉइनचं सांगतो: जुना ॲड्रेस १ ने सुरू होत असेल तर बहुधा पाथ ४४ चा, ३ ने असेल तर ४९ चा, ‘बीसी१क्यू’ (bc1q) ने असेल तर ८४ चा, ‘बीसी१पी’ (bc1p) असेल तर ८६ चा. एकाच बारा शब्दांतून या चारही वाटांनी वेगवेगळे ॲड्रेस निघतात. जुनं ॲप ४९ वर चालत होतं आणि नवं ८४ वर पाहतंय, तर शिल्लक शून्यच दिसणार. बऱ्याच ॲपमध्ये रिस्टोअर करताना ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये हा पाथ बदलता येतो. इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटचा तर सीडचा प्रकारच स्वतःचा आहे. त्याचे शब्द दुसऱ्या ॲपमध्ये घालून उपयोग नाही, आणि दुसरीकडचे बारा शब्द इलेक्ट्रममध्ये टाकताना पर्यायांत बीआयपी-३९ निवडावं लागतं. शिवाय बहुतेक वॉलेट ओळीने २० कोरे ॲड्रेस लागले की पुढे शोधणं थांबवतात. तुम्ही दर वेळी नवा ॲड्रेस काढून न वापरता सोडला असेल तर पैसे त्याच्या पलीकडे असू शकतात, तेव्हा ही मर्यादा वाढवून पाहा. बिटकॉइन सोडून एखादं टोकन असेल तर नेटवर्क कोणतं निवडलंय तेही पाहा.

उरली पासफ्रेज, म्हणजे सीड फ्रेजच्या जोडीला आपण ठेवलेला जादा गुप्त मजकूर, जिला काही जण तेरावा किंवा (शब्द चोवीस असतील तर) पंचविसावा शब्द म्हणतात. वॉलेट तयार करताना तुम्ही ती ठेवली होती का, आठवा. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, कारण चुकीची पासफ्रेज अशी गोष्टच नसते. काहीही टाका, एक वैध वॉलेट उघडतं, फक्त ते दुसरंच आणि रिकामं. ‘पासवर्ड चुकला’ असा लाल अक्षरांतला संदेश कधी येत नाही. एक स्पेस जास्त, एक कॅपिटल अक्षर इकडचं तिकडे, संपलं.

आपल्या लोकांसाठी मुद्दाम: पासफ्रेज मराठीत ठेवू नका. ‘ॲ’ हे अक्षर एका कीबोर्डवर एकच चिन्ह म्हणून उमटतं, दुसऱ्यावर अ, मग न दिसणारा जोडणारा कोड, मग चंद्र, असं तीन तुकड्यांत. डोळ्यांना दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. ‘सुऱ्या’तल्या अर्ध्या र चंही तेच. फोन बदलला, कीबोर्ड बदलला आणि तुमची अगदी बरोबर पाठ असलेली पासफ्रेज दुसरंच वॉलेट उघडेल. काही हार्डवेअर वॉलेट (की सांभाळणारी वेगळी छोटी उपकरणं) तर देवनागरी घेतच नाहीत. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, बस.

सगळ्यात मोठा गोंधळ पिन, ॲपचा पासवर्ड, सीड फ्रेज आणि पासफ्रेज या चार गोष्टी एकच समजण्यातून होतो. पहिल्या दोन फक्त त्या उपकरणापुरत्या. मेटामास्क या वॉलेट ॲपचा पासवर्ड आठवतोय पण शब्द हरवलेत, तर नव्या कॉम्प्युटरवर त्या पासवर्डाचा काही उपयोग नाही. उलट शब्द आहेत आणि पिन विसरलात तर घाबरायचं कारण नाही. लेजर हे हार्डवेअर वॉलेट तीन चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसतं, ट्रेझर हे दुसरं सोळानंतर. पुसू दे, शब्दांवरून पुन्हा उभं राहतं. स्टीफन थॉमस यांच्या ७,००२ बिटकॉइनची गोष्ट ऐकली असेल. त्यांच्या की एका एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हमध्ये, पासवर्ड लिहिलेला कागद हरवला, दहाच प्रयत्न, त्यातले आठ वापरून झालेले. शब्दांवरून परत यायची वाट तिथे नव्हतीच.

बॅकअप कसा ठेवावा याबद्दल प्रत्येकाची मतं असतात. माझी मी सांगतो. मी सुरक्षातज्ज्ञ नाही, रक्कम मोठी असेल तर जाणकाराला विचारा, पण शब्द कोणालाही न दाखवता.

कागद आणि पेन, दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. रक्कम महत्त्वाची असेल तर स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून. ॲल्युमिनियम नको, ते ६६० अंशांना वितळतं. स्टीलला साधारण १,४०० लागतात. पट्टीवर जागा कमी असेल तर इंग्रजी यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, कारण यादी तशीच बांधलेली आहे. क्रमांक मात्र लिहा.

फोटो नको, स्क्रीनशॉट तर मुळीच नको. २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचं मालवेअर उघड केलं. ते गॅलरीतले फोटो वाचून त्यातून सीड फ्रेज शोधत होतं, आणि ज्या ॲपांत ते सापडलं त्यांतली काही अधिकृत स्टोअरवरची होती. क्लाउडमधल्या नोट्समध्येही नको. लास्टपास या पासवर्ड साठवणाऱ्या सेवेतून २०२२ साली ग्राहकांच्या एन्क्रिप्टेड तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. ज्यांनी त्यात शब्द ठेवले होते आणि मास्टर पासवर्ड हलका होता, त्यांच्या जिवाला तेव्हापासून घोर आहे.

शब्दांचे तुकडे करून तीन ठिकाणी ठेवा, कुठलेही दोन मिळाले की पूर्ण, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. बारा शब्दांसाठी हे करू नका. एका कार्डावर आठ शब्द येतात, म्हणजे ते कार्ड सापडणाऱ्याला फक्त चार शोधायचे राहतात आणि तेवढं काम आजच्या यंत्रांच्या आवाक्यात आहे. वाटून ठेवायचंच असेल तर त्यासाठीच बनवलेली स्लिप-३९ पद्धत वापरा. तिच्यात एकट्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. तुमचं वॉलेट ती चालवतं का ते आधी पाहा.

शब्दांसोबत, पण वेगळ्या कागदावर, हेही लिहून ठेवा: ॲपचं नाव, डेरिव्हेशन पाथ, पासफ्रेज आहे की नाही (पासफ्रेज स्वतः तिसऱ्या जागी), पहिला ॲड्रेस आणि मास्टर फिंगरप्रिंट. ही फिंगरप्रिंट म्हणजे आठ अक्षरांचा छोटा कोड, इलेक्ट्रम, स्पॅरो आणि बरीच हार्डवेअर वॉलेट दाखवतात. पासफ्रेज बदलली की तो बदलतो. म्हणजे ॲप जे कधी सांगत नाही, पासफ्रेज बरोबर पडली का, ते या आठ अक्षरांवरून लगेच कळतं. त्यावरून पैसे कोणी काढू शकत नाही. घरातल्या एका तरी माणसाला हा दुसरा कागद कुठे आहे ते माहीत असू द्या.

आणि नवं वॉलेट केलंत की मोठी रक्कम टाकण्याआधी ते मुद्दाम पुसा. थोडीशी रक्कम पाठवा, वॉलेट पुसा, कागदावरून परत उभं करा, पहिला ॲड्रेस आणि फिंगरप्रिंट अक्षर न अक्षर जुळवा. जुळलं तर मगच बाकीचं पाठवा. इथे कंटाळा करू नका.

तुमच्या पोस्टवर लवकरच कोणीतरी खासगीत मेसेज करेल की ‘मी रिकव्हर करून देतो, शब्द पाठवा’ किंवा ‘या साइटवर वॉलेट व्हॅलिडेट करा’. सगळे चोर, अपवाद नाही. पासफ्रेज अर्धवट आठवत असेल तर बीटीसीरिकव्हर नावाचा मुक्त-स्रोत प्रोग्राम आहे. तो इंटरनेट काढलेल्या कॉम्प्युटरवर स्वतः चालवता येतो. आपल्या आठवणीतले पर्याय भरायचे, बाकी जोड्या तो लावून पाहतो.

आता जुन्या ॲपचं नाव आणि व्हर्जन, जुना ॲड्रेस कशाने सुरू होतो (पूर्ण ॲड्रेस नको, सुरुवातीची दोन-चार अक्षरं पुरे), आणि एक्सप्लोररवर शिल्लक दिसते का, एवढं इथेच खाली लिहा. शब्द, पासफ्रेज किंवा की यातलं एक अक्षरही लिहू नका. पाथ कोणता असावा ते मी पाहून सांगतो.