आई-बाबांच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायची आहे

प्रश्न : आमचे आई-बाबा गेल्या वर्षी पाठोपाठ गेले. बाबांचा जीव खिल्लार बैलजोडीत, आईचा दारात येईल त्या मांजरात. दोघांच्या नावाने पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी काही करावं असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. सहा लाख जमतील. निम्मे अमेरिकेतला भाऊ देणार. पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक द्यावं, की प्राणीप्रेमावर निबंध मागवून शिष्यवृत्ती?
— वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, दोन्ही नको. पहिल्या येणाऱ्याचं कौतुक करायला सगळे असतात. अडतं ते दुसऱ्याच कुणाचं. बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची पदवी, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, तेव्हा विद्यावेतन असतं. खरी ओढाताण त्याआधी. फीमध्ये सवलत मिळाली तरी मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला लागतात, आणि सरकारी शिष्यवृत्ती कधी कधी सत्र संपल्यावर खात्यात पडते. शिवाय ॲप्रन, गमबूट, स्टेथोस्कोप, जाडजूड पुस्तकं. मुंबईत परळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकताना माझे गमबूट एका सीनियरचे होते, चांगले दोन नंबर मोठे. आत मोज्यांचे दोन जोड. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकाचा मागे दुमडलेला पाय चाचपत असायचे आणि इकडे माझं पाऊल बुटातल्या बुटात घसरायचं. (‘बाई, रेडा आवरेल का तुम्हाला?’ असं विचारणारेही तेव्हा कमी नव्हते.)

निबंध तर मुळीच मागवू नका. प्राणीप्रेमावर सुरेख लिहिणारी आणि अळ्या पडलेली जखम दिसली की मागच्या मागे सटकणारी मुलं मी पाहिली आहेत. टर्पेन्टाइनचा बोळा लावून, चिमट्याने एकेक अळी काढत तासभर बैलापाशी बसणाऱ्याला दोन ओळी धड लिहिता येतीलच असं नाही. तुमच्या बाबांना यातला कोण आवडला असता, ते तुम्हीच ठरवा. उत्पन्नाचा दाखला आणि कॉलेजच्या दवाखान्यात शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं मत, एवढ्यावर निवड होऊ द्या.

आता पैशाचं. सहा लाख मुदत ठेवीत राहू देत, खर्च फक्त व्याज. सात टक्के धरले तर वर्षाला 42 हजार. त्यातले 36 हजार द्या, म्हणजे महिन्याला तीन हजार. उरलेले सहा मुद्दलात टाका, नाहीतर महागाईने दहा वर्षांत तुमची शिष्यवृत्ती चहापाण्यापुरती उरेल. पाच जणांत वाटू नका. एकच मुलगा किंवा मुलगी निवडा आणि इंटर्नशिप सुरू होईपर्यंत त्याच विद्यार्थ्याला द्या. दरवर्षी पास होणं एवढीच अट. पैसे सत्राच्या सुरुवातीला. समारंभ, शाल, फोटो यांसाठी पैसे अडकवून ठेवू नका.

कराडहून तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय सोयीचं, शिवाय तुमच्याच जिल्ह्यातलं. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं कॉलेज. तिथल्या सहयोगी अधिष्ठात्यांना, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखांना, भेटा आणि करार लेखी करा, विद्यापीठाच्या मान्यतेसह. एखाद्या वर्षी पात्र कुणी मिळालं नाही तर त्या वर्षाचं व्याज मुद्दलात जाईल, हे त्यात लिहूनच घ्या. न लिहिलेल्या गोष्टी अधिकारी बदलले की विसरल्या जातात.

नावाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. आईचं नाव आधी घाला, तेही तिचं स्वतःचं, ‘श्री. अमुक व सौ.’ नको. परळला आमच्या कॉलेजाशेजारी बैलघोडा हॉस्पिटल आहे ना, त्याचं पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. 1880च्या दशकातलं ते. सर दिनशॉ एवढे बडे गिरणीमालक, पण नाव दिलं पत्नीचं.

भावाचे तीन लाख मात्र घाईने मागवू नका. तो अजून भारतीय नागरिक असेल तर नेहमीच्या बँकेच्या मार्गाने पाठवू शकेल. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असूनही ती रक्कम परकीय देणगी धरली जाते, आणि घेणाऱ्या संस्थेकडे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा सूट असावी लागते. तेव्हा आधी त्याला पासपोर्ट कुठला ते विचारा, मग सीएला गाठा. शिरवळची चक्कर त्यानंतर.