घरी शिकलेल्या मराठीसाठी अमेरिकेत हायस्कूलची क्रेडिट्स मिळतात का?

तुमची मुलगी वॉशिंग्टन राज्यात नववीत आहे, घरी मराठी बोलते, आणि परीक्षा देऊन क्रेडिट्स घ्यावीत की सरळ स्पॅनिशला घालावं, असं तुम्ही विचारलंय. क्रेडिट्स, म्हणजे हायस्कूल पूर्ण करायला विषयवार जमवावी लागणारी एककं, मराठीसाठी मिळतात. घ्याच. पण शेवटी 'घरच्याच भाषेची क्रेडिट्स म्हणजे फुकटचीच ना?' असं लिहिलंत, ते वाचून राहवलं नाही.

हेच वाक्य माझ्या धाकट्या दिरांनी आमच्या घरी, माझ्या मुलासमोर, भरल्या ताटावर ऐकवलं होतं. त्यांची मुलगी स्पॅनिशचा गृहपाठ करून थकते आणि आमच्याकडे नुसतं बोलता येतं म्हणून क्रेडिट्स, असं त्यांचं म्हणणं. नुसतं बोलता येतं? हा पोरगा लहानपणापासून रविवारची मराठी शाळा करत होता. मित्र सॉकरला, हा जोडाक्षरं गिरवत. 'सूर्य'मधला र आणि 'चंद्र'मधला र एकच, हे त्याला कितीतरी दिवस पटत नव्हतं. बोलणं अस्खलित, पण लिहायला बसला की 'मी आजीला फोन केली'.

परीक्षेआधीच्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी अर्धं पान लिहायचा नेम केला. कराडला नळाला पाणी आलं की आजीकडे कशी पळापळ होते, ते त्याने एकदा लिहिलं. आधी पिण्याचं भरायचं, मग पिंप, तोवर कुणीतरी बादल्या रांगेत लावायच्या, नाहीतर पाणी जातं आणि आजी दिवसभर बोलते. 'आधी', 'तोवर', 'नाहीतर' सगळं जागच्या जागी. सुटी वाक्यं सोडून अशी सांधून लिहिता आली की पायरी वर सरकते.

पायऱ्या अ‍ॅक्टफल या अमेरिकेतल्या भाषाशिक्षण संस्थेच्या, खाली नॉव्हिस (नवशिका), त्याच्या वर इंटरमीजिएट (मधला). आपल्या राज्यात साधारणपणे नॉव्हिस मिडला 1 क्रेडिट, नॉव्हिस हायला 2, इंटरमीजिएट लोला 3 आणि इंटरमीजिएट मिडला 4. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं चारही बघतात, म्हणून घरात मराठी बोलणारी मुलं लिखाणात अडकतात. मुलीला आजपासून लिहायला बसवा, बाकीचं येईल. ग्रॅज्युएशनच्या 24 क्रेडिट्सपैकी साधारणपणे परकीय भाषेची 2 लागतात, ती यातून सुटतात. इंटरमीजिएट मिड गाठलं आणि इंग्रजीची अटही पूर्ण केली, तर सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येतात असा राज्याचा शिक्कासुद्धा मिळतो.

भाऊजींना तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. वर्गात चार वर्षं स्पॅनिशला बसलेल्याला 4 क्रेडिट्स मिळतात, मग त्याला दुकानात धड दोन वाक्यं बोलता येवोत न येवोत. इथे मुलाला चारही अंगांनी भाषा येते का ते तपासूनच देतात. कुठे शिकला याला महत्त्व का द्यायचं? घरी वडिलांकडून गणित शिकलेल्या मुलाला कुणी फुकटचे मार्क म्हणत नाही.

शाळेतल्या काउन्सेलरचंही एक सांगते. 'इंडियन ना, मग हिंदीची परीक्षा द्या' असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं. माझ्या मुलाला हिंदी सिनेमापुरतं येतं. तिथे नमतं घेऊ नका. ईमेलमध्ये भाषेचं नाव 'मराठी' असंच स्पष्ट लिहा आणि शाळेचं डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या शाळा चालवणारं मंडळ) मराठीची कोणती परीक्षा धरतं ते लेखी मागा, कारण प्रत्येक परीक्षेत प्रत्येक भाषा नसते.

हो, आमच्याकडे ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या गुणपत्रकावर) नुसतं 'पास' लागलं, जीपीएत (गुणांच्या सरासरीत) धरलं नाही. राज्य बदललं की नियम बदलतात. काही कॉलेजं वर्गात घेतलेलीच भाषा बघतात, तेव्हा ती दोन-चार नावं आत्ताच काढून त्यांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला विचारा. आणि मुलीला स्पॅनिश आवडत असेल तर तेही घेऊ दे की. आमच्या मुलाने क्रेडिट्स सुटल्यावर त्या तासाला जपानी घेतलं.