नारूचा धडा वर्गात कसा शिकवावा?

प्रश्न : सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना जागतिक आरोग्य शिकवते. रोगनिर्मूलनाचा धडा सनावळीपलीकडे कसा न्यावा?

उत्तर : देवीऐवजी नारू घ्या, म्हणजे दूषित पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंताचा रोग. त्यावर लस नाही, औषध नाही. तरी भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा. पायविहिरी बंद करणं आणि पाणी गाळणं, यावर मोठी भिस्त होती.

तळ्याचं बादलीभर पाणी आणा. आधी विरळ, मग घट्ट विणीच्या दुहेरी कापडातून गाळा. दोन्ही पाणी भिंगाखाली पाहा. सायक्लॉप्स, म्हणजे नारूची अळी पोटात बाळगणारा पाणकिडा, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, टुणकन उडणारा. आपला जाड टॉवेल नको, पाणी थेंबथेंब उतरतं आणि माणसं कंटाळून गाळणं सोडतात. नंतर मुद्दाम कापड उलटून गाळा : अडकलेले सायक्लॉप्स थेट घागरीत! म्हणून वरच्या बाजूला रंगीत टाका घालायला लावा.

असं पाणी प्यायल्यावर जंत साधारण वर्षानं कातडीतून बाहेर येतो, त्यामुळे लोकांना पाण्याचा संशयच येत नसे. हे मात्र सावकाश समजवा.