आजीसकट उचललं!

प्रश्न : चेंदणीत मासळी विकणाऱ्या माझ्या आजीवर मी गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव स्मरणिकेत लेख लिहिला होता. यंदा घोडबंदर रोडवरच्या एका संकुलाच्या स्मरणिकेत तोच लेख दुसऱ्याच्या नावाने आलाय. विचारलं तर म्हणतात, ‘ठाण्याचा इतिहास काय तुमच्या मालकीचा आहे?’ आणि मी तरी कुठल्या तोंडाने भांडू? माझ्या लेखातले दोन परिच्छेद १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरवरून, नाव न देता, मराठीत आणलेले होते.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुम्ही पाठवलेली दोन्ही कात्रणं शेजारीशेजारी ठेवून वाचली. तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळे नजर आधी चुकांवर जाते. तुमच्या लेखात ‘सुकट’चं ‘सुटक’ झालंय, त्यांच्याकडेही ‘सुटक’च! पण खरी लागली ती पुढची ओळ : ‘पाटी उतरवली की माझी आजी आधी लिंबाच्या सालीने हात चोळायची, मगच मला जवळ घ्यायची.’ ही ओळ दुसऱ्या कुणाच्या नावाखाली वाचताना मला फार राग आला. अहो, आजीसकट उचललं!

इतिहास सगळ्यांचाच आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हे कुणीही लिहावं. तुमची वाक्यं मात्र तुमची. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कासाठी नोंदणी लागत नाही, आणि कलम ५७मुळे ‘हे मी लिहिलंय’ म्हणण्याचा हक्क कॉपीराइट देऊन टाकला तरी लेखकाकडेच राहतो. लगेच वकील गाठू नका. दोन्ही कात्रणं जोडून त्या संपादकांना पत्र द्या आणि तुमच्या नावासह छापील खुलासा मागा.

गॅझेटिअरवरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, अनुवादाला परवानगी लागत नव्हती. पण वाचकाला ती शोधाशोध तुमची वाटली, ही चूक तुमच्या पदरात आहे. पण तेवढ्याने तुमचा हक्क बुडत नाही. फक्त तुमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत आधी तुमचा खुलासा येऊ द्या, गॅझेटिअरच्या नावासकट. पत्र त्यानंतर पाठवा.

आणि एक. अख्ख्या लेखात आजीचं नाव कुठेच नाही. खुलाशात तेही घाला.