‘पुराणमतवादी’ सिनेटर? एका विशेषणाची अडचण

एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. अमेरिकेच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत आणताना त्यांनी पहिलं वाक्य असं उतरवलं : ‘आयोवा या ग्रामीण राज्याचे पुराणमतवादी आमदार चक ग्रासली दरवर्षी सगळे ९९ जिल्हे फिरतात.’ कोशात ‘कन्झर्व्हेटिव्ह’पुढे ‘पुराणमतवादी’ सापडतं, पण वाक्य कानाला खटकतं. असं का होतं, आणि दुसरा शब्द कोणता घ्यावा, असं ते विचारतात.

तुमचा कान बरोबर आहे. शब्द घडवणाऱ्याने ‘पुराण’ संस्कृतातल्या अर्थाने घेतलं, म्हणजे नुसतं ‘जुनं’. मराठी माणूस मात्र तो शब्द मराठीतच ऐकतो. आपल्याकडे कंटाळवाणं बोलणारा ‘पुराण लावतो’, आणि कामाला न येणारी शिकवण म्हणजे ‘पुराणातली वांगी पुराणात’. त्यामुळे ‘पुराणमतवादी’ म्हटलं की पोथी उघडून बसलेला, काळाने मागे टाकलेला माणूस डोळ्यांसमोर येतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा शब्द कोण कोणाला लावतं. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या वादात एका बाजूला सुधारक आणि दुसऱ्या बाजूला सनातनी होते. ‘पुराणमतवादी’ हे त्या दुसऱ्या बाजूला पहिल्या बाजूने दिलेलं नाव. ‘मी पुराणमतवादी आहे, मला मत द्या’ असं सांगणारा उमेदवार महाराष्ट्रात मी कधी पाहिला नाही. आयोवात मात्र ‘कन्झर्व्हेटिव्ह’ ही ओळख उमेदवार प्रचारपत्रकावर अभिमानाने छापतो. माणूस जी ओळख स्वतःहून मिरवतो, तिच्यासाठी त्याच्या विरोधकाच्या तोंडचा शब्द वापरणं हा मला अनुवादातला अन्याय वाटतो, मग त्या माणसाची मतं आपल्याला पटोत वा न पटोत. मूळ शब्दाच्या पोटातलं लॅटिन क्रियापदही ‘राखणं, जपणं’ अशा अर्थाचं आहे. आपल्या शब्दात जपणुकीचा तो भाव कुठेच नाही.

मराठीत याला पर्याय शोधायला गेलं की अडचण आणखी वाढते. ब्रिटनमधल्या पक्षासाठी आपल्या वृत्तपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ हे सुरेख नाव रुळवलं. ‘मजूर पक्षा’शी त्याचं यमक जुळतं आणि दरबारी वासही येतो, पण आयोवातल्या मक्याच्या शेतकऱ्याला ‘हुजूर’ म्हणता येणार नाही. ‘प्रतिगामी’ तर उघड शिवीच आहे. महाराष्ट्र स्वतःला ‘पुरोगामी’ म्हणवतो, तेव्हा जो पुढे जात नाही तो आपोआप उलटा चालणारा ठरतो. ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द मागणीचा जोर सांगतात, दिशा सांगत नाहीत. १८९१च्या संमतिवयाच्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला. तेव्हा राजकारणात जहाल असलेला नेता सामाजिक प्रश्नात कुठे उभा होता, हे त्या शब्दांवरून कळत नाही. एकच माणूस एका बाबतीत जुनं राखणारा आणि दुसऱ्या बाबतीत मोडणारा असू शकतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तरी परक्या देशातल्या माणसाला आपण एकाच विशेषणात बसवू पाहतो.

आता हे विशेषण प्रत्यक्ष माणसाला लावून बघू. चक ग्रॅसली यांचा जन्म १९३३चा, न्यू हार्टफर्ड या लहानशा गावचा. शेती करणारं घर. करकपातीच्या बाजूने, गर्भपाताच्या विरोधात, न्यायालयांत परंपरेच्या बाजूचे न्यायाधीश यावेत म्हणून झटणारे : ‘कन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाचा अमेरिकेत जो अर्थ आहे, तो ते पुरेपूर जगले आहेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली, तेव्हा ते सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गारलंड यांची सुनावणीच त्यांनी घेतली नाही.

इथवर ‘पुराणमतवादी’ कसाबसा चालेल. पुढे चालत नाही. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाला मंजुरी देण्याच्या ठरावाविरुद्ध रिपब्लिकन पक्षाच्या अवघ्या दोन सिनेटरांनी मत दिलं, त्यातले एक ग्रॅसली. १९९२ मध्ये पवनऊर्जेला जी करसवलत मिळाली, तिचे ते शिल्पकार. आज आयोवात निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून होते. २०१८ मध्ये कैद्यांच्या शिक्षा सौम्य करणाऱ्या कायद्यासाठी ते डेमोक्रॅट डिक डर्बिन यांच्यासोबत उभे राहिले. याच जोडीने २००७ मध्ये एच-१बी व्हिसावर कडक अटी घालणारं विधेयक आणलं होतं. पुण्याहून तिकडे गेलेल्या अनेकांना ग्रॅसली हे नाव कदाचित त्यावरूनच माहीत असेल.

त्यांच्या दोन कामांना मराठीत इतके नेमके शब्द आहेत की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिला शब्द ‘जागल्या’. गावगाड्यात रात्री राखण करणारा, कुठे काही खुट्ट झालं तर गाव जागं करणारा माणूस. ‘व्हिसलब्लोअर’साठी मराठी पत्रकारितेने हा शब्द उचलला आणि आपल्या भाषेचं भलं केलं, कारण ‘शिट्टी फुंकणारा’ म्हटलं की डोळ्यांसमोर फुटबॉलचा पंच येतो. अमेरिकेत सरकारला खोटी बिलं लावणाऱ्यांविरुद्ध १८६३ पासून, म्हणजे लिंकनच्या काळापासून, एक कायदा होता, पण त्याचे दात बोथट झाले होते. ग्रॅसली आणि कॅलिफोर्नियाचे हॉवर्ड बर्मन यांनी १९८६ मध्ये ते पुन्हा पाजळले. वसूल झालेल्या रकमेतला १५ ते ३० टक्के वाटा जागल्याला मिळू लागला. २०१३ मध्ये एका भारतीय औषध कंपनीला अमेरिकेत ५० कोटी डॉलर भरावे लागले. ते प्रकरणही याच वाटेने, कंपनीतल्याच एका माणसाच्या तक्रारीतून उभं राहिलं होतं.

दुसरा शब्द ‘पुनर्गठन’. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातले शेतकरी कर्जापायी जमिनी गमावत होते. तेव्हा १९८६ मध्येच ग्रॅसली यांनी दिवाळखोरीच्या कायद्यात कौटुंबिक शेतकऱ्यांसाठी बारावं प्रकरण घालून घेतलं. याला ‘कर्जमाफी’ म्हणू नका. आपल्या सोसायटीत आणि जिल्हा बँकेत ज्याला कर्जाचं पुनर्गठन म्हणतात, त्याच्या जवळची ही सोय आहे : जमीन राहते, हप्ते नव्याने बांधले जातात. सुरुवातीला ती तात्पुरती होती, २००५ मध्ये कायमची झाली.

तेव्हा माझं उत्तर असं. त्यांच्या राजकारणाला ‘परंपरावादी’ म्हणा. या शब्दात निंदा नाही, आणि माणूस तो स्वतःबद्दलही वापरू शकतो. बातमी घाईची असेल तर ‘उजव्या विचारांचे’ चालेल. माणसाच्या स्वभावाबद्दल, राहणीबद्दल बोलायचं असेल तर ‘जुन्या वळणाचे’ लिहा. ‘जुन्या वळणाचा माणूस’ म्हणताना मराठीत थोडी आपुलकी असते. वक्तशीर, काटकसरी, दिल्या शब्दाला जागणारा असा कोणी तरी आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेलेला असतो. जुलै १९९३ मध्ये आयोवातल्या महापुरामुळे ग्रॅसली यांचं सिनेटमधलं मतदान चुकलं. त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडने घरी बसवेपर्यंत सलग ८,९२७ वेळा त्यांनी एकही मतदान चुकवलं नाही. असा माणूस ‘जुन्या वळणाचा’ या दोन शब्दांत पूर्ण उभा राहतो.

वाक्यातले बाकीचे शब्दही बघू. ‘आमदार’ आज चूक आहे, पण एके काळी बरोबर ठरला असता. १९५९ पासून १९७५ पर्यंत ते आयोवाच्या विधिमंडळात होते, म्हणजे आपल्या भाषेत आमदारच. मग १९८१ पर्यंत प्रतिनिधिगृहात, म्हणजे खासदार. त्यानंतर आजतागायत सिनेटर, आणि हा शब्द मराठीत तसाच ठेवावा.

‘जिल्हे’ म्हणू नये असं मला वाटतं. आयोवाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी आणि लोकसंख्या जेमतेम ३२ लाख. ती ९९ काउंट्यांत वाटली की एकेकीच्या वाट्याला सरासरी ३२ हजार माणसं येतात. आपला मध्यम तालुकाही याहून मोठा भरतो. ‘काउंटी’च लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘तालुक्याएवढी’ अशी जोड द्या. ‘ग्रामीण राज्य’ वाचून मराठी वाचकाला गावठाण, पार, चावडी दिसेल. आयोवात शेतकऱ्यांची घरं एकमेकांपासून दूर, ज्याच्या त्याच्या रानात असतात, आपल्याकडे मळ्यातली वस्ती असते तशी. ‘शेतीप्रधान’ म्हटलं की हा घोटाळा टळतो.

‘फिरतात’ हे क्रियापद तर फारच कोरडं आहे. सगळ्या ९९ काउंट्यांना भेट देण्याला तिकडचे राजकारणी त्यांच्याच नावाने ‘फुल ग्रॅसली’ म्हणतात. अध्यक्षपदाचे इच्छुकही ते करून दाखवतात. आपल्याकडे यासाठी ‘पिंजून काढणं’ तयार आहे. पिंजारी कापसाची गाठ न गाठ सोडवतो, एक पुंजकाही दडपलेला ठेवत नाही. म्हणून असं लिहा : ‘शेतीप्रधान आयोवाचे परंपरावादी सिनेटर चक ग्रॅसली दरवर्षी सगळ्या ९९ काउंट्या पिंजून काढतात.’

आडनाव मात्र ‘ग्रॅसली’ असंच हवं. उच्चार तसाच आहे, आणि ‘ग्रासली’ लिहिलं की वाचणारा नकळत ‘कशाने?’ म्हणून पुढचा शब्द शोधायला लागतो.